फोनच्या पडद्यावरचा साज आणि दुपारी संपणारी बॅटरी

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत नव्या मोबाइल फोनची ओळख करून देणारे जे लेख अलीकडे येऊन गेले, ते मी लक्षपूर्वक वाचले. काचेच्या तुकड्यासारखी पारदर्शक दिसणारी बटणे, बोट फिरेल तशी पाण्यागत सरकणारी चिन्हे, फोन कलता केला की मागचे चित्रही कलल्याचा होणारा भास, या सगळ्याचे वर्णन लेखकांनी मन लावून केले होते. मात्र हा साज चालू ठेवून तो फोन संध्याकाळपर्यंत टिकतो का, दुपारच्या उन्हात त्यावरचा मजकूर वाचता येतो का आणि दोन वर्षांनंतर त्याच्या बॅटरीची काय अवस्था होते, याबद्दल त्या लेखांत फारसे काही सापडले नाही. शाहूपुरीत गेली अठरा वर्षे मी मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो आणि याच प्रश्नांशी माझा रोज संबंध येतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते नेहमीच्या पत्रांपेक्षा लांबले आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

माझे म्हणणे आधीच स्पष्ट करतो. पडद्यावर सौंदर्य नसावे असे मला मुळीच वाटत नाही. हा साज फोन विकत घेणाऱ्याला न विचारता पहिल्या दिवसापासून चालू असतो, त्याचा खर्च त्याच्या बॅटरीतून आणि डोळ्यांतून वसूल होतो, आणि तो बंद करण्याची सोय मात्र सामान्य माणसाला सापडणार नाही अशा जागी ठेवलेली असते, याला माझी हरकत आहे. फोन प्रथम सुरू होईल तेव्हा तो साधा असावा, आणि ज्याला साज हवा त्याने तो आपल्या हाताने चालू करावा. आज नेमके याच्या उलट आहे.

दुकानात येणाऱ्या दहा गिऱ्हाइकांतले दोन-तीन तरी ‘बॅटरी बदलून द्या’ असे म्हणत येतात. पूर्वी मी मुकाट्याने बॅटरी बदलून देत असे. आता आधी फोन हातात घेऊन पाहतो, तेव्हा पुष्कळदा असे आढळते की बॅटरी अजून ठीक आहे. पण मागे सतत हलणारा वॉलपेपर चालू आहे, पडद्याचा रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने काढले जाते तो वेग, सर्वांत वरचा ठेवलेला आहे, फोन झोपलेला असतानाही घड्याळ आणि फुले दाखवणारा पडदा जागा आहे आणि ब्राइटनेस टोकाला नेलेला आहे. यांतले ब्राइटनेस सोडून बाकी काहीही त्या माणसाने स्वतः निवडलेले नसते. फोन असाच आला, असे तो सांगतो, आणि ते खरेच असते.

गेल्या भाद्रपदात पन्हाळा तालुक्यातले एक शेतकरी काका असेच आले होते. पिकाची नोंद सातबाऱ्यावर लावण्यासाठी ई-पीक पाहणीचे काम शेतकऱ्याने स्वतःच्या फोनवरून करायचे, ही पद्धत आपल्या राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. त्यासाठी प्रत्यक्ष शेतात उभे राहून जीपीएस चालू ठेवून पिकाचे छायाचित्र काढावे लागते. काकांचे तीन तुकडे तीन ठिकाणी. पहिल्या तुकड्यात काम झाले, दुसऱ्यापर्यंत पोहोचेपर्यंत फोन तापला आणि तिसऱ्या तुकड्याच्या बांधावर तो बंद पडला. उन्हात काही दिसेना म्हणून त्यांनी ब्राइटनेस पूर्ण वाढवला होता, कारण पडद्यावरची अक्षरे फिकट राखाडी होती आणि त्यांच्यामागे धूसर काचेचा थर होता. ‘डोळ्यांचा नंबर वाढलाय का फोनचा दोष हाय, एवढं सांगा,’ असे त्यांनी मला विचारले. मी त्यांच्या फोनमधील पारदर्शकता आणि हालचाली बंद केल्या, अक्षरे ठळक केली, साधा पांढरा वॉलपेपर लावला आणि फोन घेऊन त्यांना दुकानाबाहेर उन्हात उभे केले. त्यांना मजकूर वाचता आला, तोही ब्राइटनेस निम्म्यावर असताना. बॅटरी बदलावी लागली नाही.

या एका उदाहरणात प्रश्नाचे मर्म आहे असे मला वाटते, म्हणून ते थोडे सविस्तर मांडतो. पडद्यावरच्या साजामुळे वीज जास्त लागते असे म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर फक्त हलणारी चित्रे येतात. प्रत्यक्षात फोनमध्ये बहुतेक वेळा सर्वांत मोठा खर्च प्रकाशाचा असतो. एलसीडी पडद्यामागे एक दिवा सतत जळत असतो आणि पडदा काळा दिसला तरी तो जळतच राहतो. ॲमोलेड पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतःचा प्रकाश स्वतः देतो, त्यामुळे काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका. दोन्ही प्रकारांत ब्राइटनेस वाढवला की खर्च झपाट्याने वाढतो. आता अक्षर आणि त्यामागची जमीन, म्हणजे पार्श्वभूमी, यांच्या रंगांत पुरेसा फरक नसेल, तर माणूस दुसरे काय करणार? तो प्रकाशच वाढवणार. म्हणजे पारदर्शक थर स्वतः किती वीज खातो हा हिशेब बाजूला ठेवला, तरी तो माणसाला ज्या ब्राइटनेसकडे ढकलतो त्याचा भार बॅटरीवर पडतोच, आणि हा भार कोणत्याही जाहिरातीत किंवा परीक्षणात मोजला जात नाही. संगणकाच्या पडद्यावरील साध्या मजकुराचा आणि जमिनीचा उजेड-फरक किमान साडेचारास एक असावा, असा सुगमतेचा, म्हणजे पडदा सर्वांना वापरता यावा यासाठीचा, एक आंतरराष्ट्रीय दंडक आहे. मागचे चित्र बदलेल तसा रंग बदलणाऱ्या काचेवर हा दंडक कायम कसा पाळला जाणार, हे मला समजलेले नाही.

दुसरा खर्च चित्र काढण्याचा. मागचे दृश्य धूसर करून त्यावर काचेचा थर दाखवायचा, तर फोनला त्या भागातल्या प्रत्येक ठिपक्याच्या आजूबाजूचे रंग घेऊन त्यांची सरासरी काढावी लागते. बोटाने यादी वर सरकवली की मागचे दृश्य बदलते आणि हे सगळे गणित पुन्हा करावे लागते. साठचा रिफ्रेश रेट असेल तर फोनला एक चित्र पुरे करण्यासाठी सुमारे सतरा मिलिसेकंद मिळतात. एकशेवीसचा असेल तर साडेआठ मिलिसेकंदही मिळत नाहीत. पडदा स्थिर असताना फोन नवे चित्र काढत बसत नाही, आणि चांगल्या फोनमध्ये पडद्याचा वेग आपोआप खाली येतो, हे मान्य केलेच पाहिजे. पण हे उतरणे महागड्या पडद्यांना जितके जमते तितके स्वस्त पडद्यांना जमत नाही, आणि मागे हलता वॉलपेपर लावला असेल तर होम स्क्रीन उघडी असेपर्यंत ती विश्रांती मिळतच नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, कारण दुकानदारांच्या तोंडून अर्धवट सल्ले फार पसरतात. केवळ ॲनिमेशन बंद केल्याने बॅटरी दुप्पट चालते, असे जे व्हिडिओंत दाखवतात ते खरे नाही. यादी उघडताना होणारी पाव सेकंदाची हालचाल बॅटरीतून फार काही नेत नाही. डोंगराआड सिग्नल शोधत राहणारा फोन त्यापेक्षा कितीतरी जास्त वीज खातो. गगनबावड्याकडून येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये मला हे नेहमी दिसते. काळ्या थीमचेही तसेच आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये ॲमोलेडसारख्याच ओएलईडी जातीच्या पडद्यांवर मोजमाप केले, तेव्हा ब्राइटनेस तीस ते पन्नास टक्के असताना पांढऱ्यावरून काळ्या थीमवर गेल्याने सरासरी अवघी तीन ते नऊ टक्के बचत झाली. ब्राइटनेस शंभर टक्के असताना मात्र ती एकोणचाळीस ते सत्तेचाळीस टक्क्यांपर्यंत गेली. म्हणजे घरात बसून फोन वापरणाऱ्याला काळ्या थीमचा लाभ थोडाच, आणि ज्याला उन्हात ब्राइटनेस टोकाला न्यावा लागतो त्याला तो मोठा. पण उन्हात काळ्या पडद्यावर आपलाच चेहरा दिसतो आणि पांढऱ्या जमिनीवरचे काळे अक्षरच जास्त सुखाने वाचता येते, ही अडचण राहतेच. एलसीडी पडद्याच्या फोनवर तर काळ्या थीमने जवळजवळ काहीच वाचत नाही, आणि आपल्याकडच्या स्वस्त फोनमध्ये एलसीडी पडदे आजही भरपूर आहेत. ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे आणि पडद्याप्रमाणे उत्तर वेगळे येते, म्हणून निवड त्या माणसाच्या हातात असणे मला इतके महत्त्वाचे वाटते.

हा अनुभव जगाला नवा नाही. मायक्रोसॉफ्टने २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर एरो नावाची काचेसारखी मांडणी आणली होती. त्या वेळी संगणकाच्या ग्राफिक्स कार्डाची ताकद पुरेशी नसेल तर यंत्रणा स्वतःच साध्या मांडणीवर येत असे. ही सभ्यता आज आठवते. पुढे २०१२ मध्ये विंडोज ८ आणताना ती काच काढूनही टाकली. ॲपलने २०१३ च्या सप्टेंबरमध्ये आयफोनची आयओएस ७ ही प्रणाली आणली, तेव्हा पडद्यावरच्या झेप घेणाऱ्या हालचालींमुळे अनेकांना गरगरू लागले, मळमळू लागले. त्या तक्रारींनंतर ऑक्टोबरमधील सुधारित आवृत्तीत हालचाल कमी करण्याच्या सेटिंगने त्या झेपा थांबवता येऊ लागल्या. त्याच कंपनीने २०२५ मध्ये ‘लिक्विड ग्लास’ नावाने पुन्हा काच आणली. मजकूर नीट वाचता येत नाही अशी ओरड झाल्यावर नोव्हेंबर २०२५ मधील आवृत्तीत ती काच अधिक गडद, कमी पारदर्शक करण्याचा पर्याय द्यावा लागला. अँड्रॉइडच्या बाजूला गुगलनेही त्याच वर्षी उसळत्या हालचालींची आणि भडक रंगांची नवी मांडणी जाहीर केली. प्रत्येक वेळी क्रम तोच राहिला आहे: साज आधी सर्वांवर, तक्रारी त्यानंतर, आणि साधेपणाचा पर्याय सर्वांत शेवटी, तोही सेटिंगच्या तिसऱ्या-चौथ्या पानावर.

त्यातून जुन्या फोनचे हाल वेगळे. आयओएस २६ ही काचेची आवृत्ती २०१९ मध्ये आलेल्या आयफोन ११ वरही चालते. सहा वर्षे जुन्या फोनला कंपनी अपडेट देते ही कौतुकाचीच गोष्ट आहे आणि सुरक्षिततेसाठी ते घेतलेच पाहिजे. पण सुरक्षिततेसाठी घेतलेल्या त्याच अपडेटमधून नव्या फोनसाठी आखलेला साजही जुन्या, झिजलेल्या बॅटरीवर येऊन बसतो. अँड्रॉइडमध्ये ज्या कंपन्या आपापला साज वरून चढवतात त्यांच्याबाबत हेच अधिक तीव्रतेने घडताना मी पाहतो. गिऱ्हाईक म्हणते, ‘अपडेट मारला आणि फोन जड झाला.’ या ‘जड’ शब्दात त्याने अचूक निदान केलेले असते.

आपल्या लिपीचा मुद्दा मला विशेष कळकळीने मांडायचा आहे, कारण त्याबद्दल कोणी बोलताना दिसत नाही. या मांडण्या रोमन अक्षरे डोळ्यांसमोर ठेवून आखल्या जातात. रोमन अक्षराचा बराचसा भार त्याच्या मधल्या अंगावर असतो. देवनागरीत अर्थ शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या पायाशीही असतो. अनुस्वाराचा एक ठिपका गेला की ‘खंत’चे ‘खत’ होते, वेलांटी पुसट झाली की ‘दीन’ आणि ‘दिन’ यांत भेद राहत नाही, आणि रफार किंवा जोडाक्षराचा पाय धूसर जमिनीवर विरघळला तर वयस्क माणूस शब्दावर अडखळतो. बारीक रेघांची अक्षरे पारदर्शक काचेवर ठेवली तर आधी हे ठिपके आणि रेघाच नाहीशा होतात. शिवाय आपले शब्द लांब असतात, त्यामुळे गोलाईदार, फुगीर बटणांत ते मावत नाहीत आणि अर्ध्यावर तीन टिंबे देऊन तोडले जातात. माझ्या दुकानातल्या अनेक वयस्क गिऱ्हाइकांनी केवळ या त्रासापायी फोन मराठीतून काढून इंग्रजीत ठेवला आहे, आणि इंग्रजी वाचता येत नसल्याने ते चिन्हांच्या जागा पाठ करून काम चालवतात. पुढच्या अपडेटला जागा बदलल्या की त्यांना पुन्हा नातवाला हाक मारावी लागते.

बॅटरी दुपारी संपली तर चार्जर लावावा, त्यात एवढे काय, असे शहरात राहणाऱ्या वाचकांना वाटू शकेल. आपल्या जिल्ह्यात मात्र ही गोष्ट प्रसंगी जिवाशी येते. माझी थोरली बहीण करवीर तालुक्यातील नदीकाठच्या गावात राहते. जुलै २०२१ च्या महापुरात पाणी गावात शिरले, वीज बंद झाली आणि घरातली माणसे वरच्या मजल्यावर अडकली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. त्या दिवसांत पाणी किती फुटांवर आहे आणि बोट कधी येणार, एवढेच कळण्यासाठी फोन हवा होता. भाच्याचा नवा मोठा फोन पहिल्याच रात्री संपला. टॉवर बंद पडत होते आणि फोन सिग्नलसाठी झगडत होता, हे त्याचे मोठे कारण होतेच. पण त्यावर हलता वॉलपेपर आणि वरचा रिफ्रेश रेट चालू होता, आणि बॅटरी वाचवणारी सेटिंग कुठे असते हे घरात कोणालाच माहीत नव्हते. अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत ती शोधण्यासाठी पडदा उजळून बसणे म्हणजे उरलेली बॅटरीही घालवणे. मेहुण्यांचा जुना कीपॅड फोन मात्र तिसऱ्या दिवसापर्यंत चालला आणि शेवटचे दोन निरोप त्याच फोनवरून आले. त्यानंतर दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मी बहिणीच्या घरातले सगळे फोन दुकानात मागवून घेतो आणि ते साधे करून परत पाठवतो.

त्या कीपॅड फोनशी आजच्या फोनची बरोबरी करणे न्याय्य नाही, याची मला जाणीव आहे. नोकियाचा ११०० हा २००३ चा फोन साडेआठशे एमएएचच्या (एमएएच म्हणजे बॅटरीत किती वीज मावते याचे माप) बॅटरीवर दिवसेंदिवस चालत असे आणि जगभरात त्याचे पंचवीस कोटींहून अधिक नग विकले गेले. पण त्यावर ना नकाशा होता, ना पैसे देण्याची सोय, ना कॅमेरा. आज बॅटरी पाच हजार एमएएचची आहे आणि कामेही तितकीच वाढली आहेत. बॅटरी संपायला माझी ना नाही. ती त्या माणसाच्या कामासाठी संपावी, एवढेच म्हणतो. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीला येते तेव्हा उसाला पाणी पाजायला निघालेला माणूस फोनचा टॉर्च लावून बांधावरून चालतो. पायाखाली साप आहे की समोर गवा उभा आहे हे त्याला त्याच उजेडात पाहायचे असते. त्या टॉर्चसाठी राखायची वीज दिवसभर चिन्हे उसळवण्यात गेली, तर त्याला मी अपव्ययच म्हणेन.

पैशाचाही हिशेब आहे. लिथियमच्या बॅटरीचे आयुष्य ती किती वेळा पूर्ण भरली आणि रिकामी झाली यावर मोजतात. काहीशे फेऱ्यांनंतर तिची धारणशक्ती मूळच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते. जो फोन दिवसातून एकदा भरावा लागतो त्याच्या फेऱ्या वर्षात तीनशे पासष्ट. जो दोनदा भरावा लागतो त्याच्या त्याहून दुप्पट. त्यात उष्णता हा बॅटरीचा मोठा शत्रू. फोन तापलेला असतानाच चार्जिंगला लावला, तर ती आणखी लवकर थकते आणि कधी फुगते. पूर्वी मागचे झाकण काढून बॅटरी नखाने उचलता येत असे. आता ती आत गोंदाने चिकटवलेली असते. ती काढायची तर मागची काच गरम करून सोडवावी लागते, आणि थोडी चूक झाली तर काच किंवा डिस्प्ले जातो. चांगल्या बॅटरीसह हे काम हजार-दीड हजारांच्या खाली जात नाही. स्वस्त फोनचा मालक मग बॅटरी बदलण्याऐवजी फोनच बदलतो, हप्त्यावर. माझ्या धंद्याच्या दृष्टीने लवकर थकणारी बॅटरी फायद्याची आहे, तरीही मी हे लिहीत आहे, यावरून माझी तळमळ आपल्या ध्यानी यावी.

पडद्यावरची प्रत्येक हालचाल निरर्थक असते असेही नाही. कळ दाबली गेली हे कळण्यासाठी तिचा रंग क्षणभर बदलणे आवश्यक आहे, नाहीतर लोक पैसे पाठवताना बटण दोनदा दाबतात. खिडकी बंद करताना ती कोणत्या चिन्हात जाऊन बसली हे दिसले, तर नवख्याला ती पुन्हा कुठे सापडेल हे समजते. अशा हालचाली कामाचा भाग आहेत. आपल्या चप्पल लाईनमध्ये गेलात तर कोल्हापुरी चपलेवर वेणी, गोंडा, जरीची पट्टी अशी कितीतरी कलाकुसर दिसेल. पण ती पट्ट्यावर असते, पायाला टोचत नाही आणि तिच्यामुळे तळ पातळ करत नाहीत. कारागीर आधी तळ शिवतो. फोनच्या मांडणीतही आधी अक्षर, उजेड आणि बॅटरी यांची खात्री व्हावी आणि मग हवी तेवढी कलाकुसर करावी, असे मला वाटते.

आता उपायांकडे येतो. आयफोनमध्ये हालचाल आणि पारदर्शकता कमी करण्याच्या कळा ‘ॲक्सेसिबिलिटी’ या विभागात, दोन वेगवेगळ्या पोटविभागांत आहेत. अँड्रॉइडमध्येही ‘रिमूव्ह ॲनिमेशन्स’ त्याच विभागात असते, आणि हालचालींचा वेग कमी-जास्त करायचा असेल तर ‘बिल्ड नंबर’ या ओळीवर सात वेळा बोट टेकवून एरवी लपवलेला डेव्हलपरचा विभाग उघडावा लागतो. दिव्यांग व्यक्तींसाठी हा विभाग असणे अत्यंत गरजेचे आहे. पण धडधाकट माणूस ‘हे आपल्यासाठी नाही’ असे समजून तिकडे फिरकतच नाही. म्हणून फोन प्रथम चालू करताना भाषा, वाय-फाय आणि खाते विचारतात, त्याच ओघात एक साधा प्रश्न मराठीतून विचारला जावा: ठळक अक्षरे आणि जास्त चालणारी बॅटरी हवी की पडद्याचा साज हवा? मोठ्या अपडेटनंतरही तोच प्रश्न पुन्हा यावा, आणि बॅटरी ठरावीक प्रमाणाबाहेर झिजली असेल तर व्हिस्टाप्रमाणे फोनने आपणहून साध्या मांडणीवर यावे. यात तंत्राची कोणतीही अडचण नाही, सगळ्या कळा आजही फोनमध्ये आहेतच.

सरकारच्या पातळीवरही एक काम करता येण्यासारखे आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून स्मार्टफोनवर ऊर्जेचे लेबल लावणे बंधनकारक झाले आहे. एका चार्जिंगवर फोन किती तास-मिनिटे चालतो, बॅटरी किती फेऱ्या टिकते आणि फोन दुरुस्तीला किती सोपा आहे हे त्यावर छापावे लागते. आठशे फेऱ्यांनंतरही बॅटरीत किमान ऐंशी टक्के क्षमता उरली पाहिजे, अशीही अट आहे. आपल्याकडे फ्रिज आणि एसी घेताना गृहिणीसुद्धा ऊर्जा दक्षता ब्यूरोचे तारे मोजून घेते. घरातल्या प्रत्येकाच्या खिशात असलेल्या वस्तूला असे तारे का नसावेत? आणि ते मोजताना फोन दुकानातून जसा येतो तसाच, सगळा साज चालू ठेवून मोजावा, कारण सगळे बंद करून मोजलेले तास गिऱ्हाइकाच्या वाट्याला कधीच येत नाहीत.

शेवटी आपल्या पुरवणीबद्दल एक विनंती. नव्या फोनचे परीक्षण छापताना तो फोन भर दुपारी एखाद्या बांधावर उभे राहून, मराठीत ठेवून, एकदा वाचून पाहावा आणि ब्राइटनेस कितीवर ठेवावा लागला तेही लिहावे. आणि दरवर्षी मृग निघण्याआधी, पुराच्या काळात फोन जास्तीत जास्त चालावा यासाठी कोणत्या कळा बंद करायच्या, याची माहिती कापून भिंतीला लावता येईल अशा चौकटीत छापावी. आपल्याकडे ज्या-ज्या कंपन्यांचे फोन जास्त चालतात, त्या प्रत्येकातली वाट मराठीतून लिहून देण्याची माझी तयारी आहे.

कळावे,

आपला नम्र वाचक,
एक मोबाइल दुरुस्ती व्यावसायिक,
शाहूपुरी, कोल्हापूर